भोवऱ्याचे जाड टायर

चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे भोवरा म्हणत. खुर्चीत बसला की खुर्चीलाच घाम फुटायचा. फोनवर बोलताना तो घरभर असा फिरे, की पलीकडच्याला दम लागावा. सायकलही त्याने स्वतःला शोभेल अशीच निवडली होती. पॅडल आणि मागचं चाक एकमेकांना जखडलेलं. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. उतारावरसुद्धा पायांना रजा नाही.

मग नळ टाकायला कारखान्याचा रस्ता खोदला गेला. खडीवर त्या बारीक टायरांनी त्याला दोनदा लोळवलं. दुसऱ्यांदा कोपर फुटलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, पुरे आता. रविवारी माझा दादा येतोय. त्याच्या गावात रस्ते धड आहेत, सायकल त्याला देऊन टाकते. तुम्ही बसने जा."

"अगं, बसमध्ये मी मरून जाईन!"

"का? कंडक्टरबरोबर फेऱ्या मारा की."

शेवटी तोड निघाली. जाड, खाचांचे टायर बसवायचे आणि रविवारी तिच्यासमोर तो खोदलेला पट्टा पार करायचा. पडला, तर सायकल दादाची.

भिंगाची जाडी केसभर चुकली तरी ज्याला जेवण जात नाही, असा हा माणूस. त्याने फ्रेममधली जागा मोजली, दुकानात टायर मोजला, पुन्हा घरी येऊन जागा मोजली. पुढचा टायर सहज बसला. मग मागचा चढवला, चाक बसवलं, हवा भरली. टायर रुसलेल्या जावयासारखा फुगला आणि दोन्ही बाजूंनी फ्रेमला जाऊन भिडला. चाक जागचं हलेना.

"मोजला होतात ना?" बायकोनं विचारलं.

"मोजला होता. पण... हवा नसताना."

ती हसता हसता खाली बसली. त्याला हसायलाही सवड नव्हती. नट सैल करून त्याने चाक फ्रेमच्या खाचेत मागे, फ्रेम जरा रुंद होते तिथवर ओढलं. टायर सुटा झाला, तर साखळी आखूड पडली. तसाच ग्रीसच्या हातांनी दुकानात धावला, साखळीचा तुकडा आणून जोडला, आणि चाक फिरलं तेव्हा अंगणातच चार गिरक्या मारून आला.

रविवारी दादा गाडीवर सायकल बांधायला दोरी घेऊनच हजर. "भावोजी, सावकाश हं. माझी सायकल आहे ती!"

भोवरा निघाला. टायर खडीवरून मजेत चालले, पाय गरागरा फिरत होते. पण खड्डा आणि मातीचा ढीग यांच्यामधल्या अरुंद वळणावर हँडल वळवलं, आणि बुटाचं टोक पुढच्या जाड टायरला घासलं. हे तर मोजलंच नव्हतं! पाय फिरवावा तर अडकणार, सोडावा तर खड्ड्यात.

तो थांबला. पाय न टेकता, पॅडल आडवी धरून, श्वाससुद्धा जपून घेत, जागच्या जागी. चाक बोटभर मागे, बोटभर पुढे. बुटाला जागा झाली तसं त्याने अलगद हँडल वळवलं आणि पलीकडे निघून गेला.

बायको कपाळावरचा हात काढायला विसरली. "दादा, पाहिलंस? लग्नाच्या फोटोतही हे एवढे स्थिर नाहीत रे!"

"म्हणजे सायकल..."

"तू दुसरी बघ."

पलीकडून आरोळी आली, "बुटाचं टोक थोडं कापलं तर?" आणि उत्तराची वाट न बघता तो वळून परत निघालासुद्धा.