ठकीचं दावं

पीरसाब टांगेवाल्यानं जन्मात कधी श्रीमंताचा हेवा केला नाही. शिवलिंगप्पा कापडवाल्यांच्या माडीला नवा रंग लागला तेव्हा तो म्हणाला होता, लागू दे, आपल्याला खालून फुकट बघायला मिळतो. त्याची बायको नूरबी चारचौघींत उठून दिसायची, पण तिच्यावरून त्यानं कधी कुणाशी वाकडा शब्द काढला नाही. असा हा समजूतदार माणूस एका घोडीपायी मात्र आतल्या आत नुसता करपत होता. माझं दुकान कापडबाजाराच्या तोंडाशीच. हरभरा, भुसा, सरकी, पेंड असला जनावरांचा माल मी विकायचो, त्यामुळं सोलापुरातल्या निम्म्या टांगेवाल्यांची रडगाणी मला ऐकावी लागत. त्यांत पीरसाबचं सगळ्यांत लांब, आणि शेवट नसलेलं.

घोडी मुळात गुंडाची. हा गुंडा मोडनिंबकडचा धनगर. मेंढरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड वाहायला तट्टं असतात, त्यातल्याच एका तट्टाणीच्या पोटची ही घोडी. जन्मली आणि आई गेली. गुंडानं तिला शेळीच्या दुधावर जगवली, थंडीत आपल्या घोंगड्यात घेऊन झोपला आणि तिचं नाव ठेवलं ठकी. पुढं दुष्काळानं मेंढरं गेली तेव्हा तो ठकीला घेऊन शहरात आला आणि टांगा हाकू लागला. अंगानं लहान, पण चालायला अशी तेज की शिवलिंगप्पांना दुकानात जायला दुसरा टांगा चालत नसे. मग शिवलिंगप्पांनी मोटार घेतली. मोटार घेतली पण माणूस बदलवेना, म्हणून त्यांनी गुंडालाच मोटार शिकवली, खाकी कोट दिला, पितळी बटणं दिली. आता मोटार हाकणाऱ्यानं घोडी कुठं बांधायची? त्यानं ठकी पीरसाबला विकली.

विकताना त्यानं दावं काढून घेतलं. यात वावगं काही नव्हतं. आमच्या भागात जनावर विकतात पण त्याचं दावं कुणी देत नाही, दाव्याबरोबर घरची बरकत जाते असं मानतात. घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यायचं. पीरसाब वाखाचं नवंकोरं दावं घेऊन गेला होता. गुंडानं ठकीच्या गळ्यातलं जुनं, काळ्या लोकरीचं, त्याच्या बापानं हातानं वळलेलं दावं सोडलं, गुंडाळलं आणि कोटाच्या आत घातलं. पीरसाबच्या जिवाला तिथंच पहिली टोचणी लागली. खाकी कोटाच्या आत दावं ठेवायचं काय कारण, हे त्यानं मला त्या वर्षात इतक्यांदा विचारलं की शेवटी मी उत्तर द्यायचं सोडून दिलं.

घोडी घरी आली आणि पीरसाबनं तिचं नाव शहजादी ठेवलं. शहजादी म्हणून हाक मारली की ती शेपटीनं माश्या वारायची. तिला तो गूळ चारी, सकाळ-संध्याकाळ खरारा करी, कपाळावर निळ्या मण्यांची माळ बांधी. घोडी कामाला चोख होती, खोड एक नव्हती, पण त्याच्याकडं म्हणून कधी बघायची नाही. नूरबी त्याला चिडवायची की लोक घरात सवत आणतात ती बायकोला जाळायला, तुम्ही आणली ती स्वतःलाच जाळायला. तो हसायचा नाही.

त्यात मोटार रोज कापडबाजारातून जाई. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गाठोडी, हातगाड्या, बुट्ट्या-टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, गिरणीच्या पाळ्या सुटल्या की माणसांचा लोंढा. त्या गर्दीत गुंडाची मोटार बैलाच्या चालीनं सरकायची. समोरून पीरसाबचा टांगा आला की गुंडा खिडकीतून डोकं काढून जिभेनं एक आवाज करायचा, मेंढरांना करतात तसा हिर्रर्र, आणि म्हणायचा, "ठके, बरी हाईस का?" झालं. घोडीचे कान ताठ व्हायचे, मान वळायची आणि मोटार दिसेनाशी होईपर्यंत ती तिरकी चालायची. टांग्यातलं गिऱ्हाईक पीरसाबला विचारायचं, घोडी नवीन आहे का हो?

एक दिवस मोटारीचा धक्का लागून जगदेवी बांगडीवालीची बुट्टी पालथी झाली. बाईला खरचटलंही नाही, शिवलिंगप्पांनी नुकसान भरून दिलं, आणि तेवढ्यावर ते मिटलंही असतं. पण पीरसाबनं ते मिटू दिलं नाही. कापडबाजार खाजगी मोटारींना बंद करा, असं त्यानं जे धरलं ते सोडेना. हातगाडीवाले, हमाल, विणकर बाया, सगळ्यांना त्यानं भेटून पटवलं. तेलुगू बोलणाऱ्या बायांपुढं तो हातवारे करून मोटार कशी अंगावर येते ते दाखवायचा, आणि चांगलं दाखवायचा. जगदेवीची बुट्टी प्रत्येक वेळी मोठी व्हायची. शेवटी शेवटी तर तीत पोरही होतं. म्युनिसिपालटीच्या मेंबरांच्या दारात तो इतका बसला की एका मेंबराच्या कुत्र्यानं त्याच्यावर भुंकायचं सोडलं. लोक म्हणायचे, गरिबांसाठी झटणारा माणूस. मी हरभरा मापत गप्प बसायचो. गरिबांचं भलं होणार होतं हे खोटं नव्हतं; पण हा झटत होता तो एका मानेसाठी, जी दुसरीकडं वळत होती.

ठराव झाला. सकाळच्या भोंग्यापासून दिवेलागणीपर्यंत कापडबाजारात खाजगी मोटार नाही. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना आडवं लाकूड आलं, त्याशेजारी पट्टेवाला आला. टांगा, हातगाडी, पायी माणूस, सगळ्यांना मोकळीक. रस्ता कसा ऐसपैस झाला म्हणून सांगू! बायका रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून घासाघीस करू लागल्या. पीरसाबनं टांग्याच्या अड्ड्यावर साखर वाटली, मला मूठभर जास्तच दिली आणि म्हणाला, "आता बघा आप्पा, शहजादी कशी सरळ चालते."

आनंद दुसऱ्या सकाळपर्यंत टिकला.

कारण मोटार आत जाईना, तेव्हा ती लाकडाच्या बाहेर उभी राहू लागली. शिवलिंगप्पा उतरून पुढं टांग्यानं जात, आणि गुंडा? गुंडाला दिवसभर काही काम उरलं नाही. माझ्या दुकानासमोरच्या लिंबाच्या सावलीत मोटार लावायची, कोट काढून दारावर टाकायचा, आणि बनियनवर बसून राहायचं. कोटाला पेट्रोलचा वास होता. कोट उतरल्यावर राहिला नुसता गुंडा. पूर्वी तो दिवसातून एखाद-दोनदा मोटारीतून जाताना दिसायचा. आता आत जायचं तर त्याच्यासमोरून, बाहेर यायचं तर त्याच्यासमोरून. पीरसाबनं खटपट करून, साखर वाटून, आपल्या घोडीच्या वाटेवर आपल्या हातानं गुंडाला बसवला होता.

ठकी त्याच्यापाशी येऊन थांबायची. ओढून, चुचकारून, लगामाला हिसके देऊन ती पुढं जायची, पण थांबल्याशिवाय नाही. गुंडा बिचारा उठून मोटारीच्या पलीकडं जायचा. तरी तिला कळायचं. पीरसाबचं तोंड असं व्हायचं की मला बघवत नसे, आणि खरं सांगायचं तर न बघताही राहवत नसे. त्याचा राग घोडीवर नव्हता. मला म्हणायचा, "त्यो बसून पगार खातो, मी रगत आटवतो, आणि जनावर त्याचं. ह्यो कुटला न्याय?" मी म्हटलं, न्याय म्युनिसिपालटीनं केला, तूच मागून घेतलास. त्यावर तो हरभरा न घेताच गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. टांग्यात खुद्द शिवलिंगप्पा बसलेले, मागं हातगाड्यांची रांग, आणि ठकी लाकडापाशी थांबली ती थांबलीच. पट्टेवाला ओरडला. हातगाडीवाले ओरडले. शिवलिंगप्पा म्हणाले की गुंडा असताना ही घोडी अशी नव्हती. त्यांनी ते सहज म्हटलं. पण पीरसाबनं चाबूक उचलला. त्याचा चाबूक आजवर वाऱ्यावर वाजायचा, अंगावर कधी पडला नव्हता. तो ठकीच्या पाठीवर पडला, आणि लागोपाठ पुन्हा पडला. घोडी थरथरली, पण पाय उचलला नाही.

गुंडा मोटारीच्या मागून पुढं आला. मला वाटलं आता हा हात धरणार, मारामारी होणार. त्यानं हात धरला नाही.

"मारू नगा पीरसाबभाय," तो म्हणाला. "मी त्या तोंडाला जाऊन बसतो. हितं दिसायचा न्हाई तुमाला."

"तू कुटंबी जा," पीरसाब टांग्यातून खाली उतरला होता. "तिचं दावं तुज्यापाशी हाय तवर ती तुजीच. दावं दे."

मागू नये ते त्यानं मागितलं होतं. गुंडा म्हणाला, "इकताना दावं देत न्हाईत. तुमाला ठाव हाय की."

"मंग इकली म्हणू नगंस."

ठकीच्या पाठीवर चाबकाचा वळ उठला होता, तिकडं गुंडा बघत होता. मग त्यानं मोटारीचं दार उघडलं, बैठकीखाली हात घातला आणि काळ्या लोकरीचं दावं काढून पीरसाबच्या हातात दिलं. कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली, मोटार वळवली आणि कापडबाजाराच्या दुसऱ्या तोंडाला, उन्हात, नेऊन उभी केली. शिवलिंगप्पा टांग्यातून उतरून पायी गेले.

पीरसाब जिंकला होता. मला वाटलं आता तरी याचं रडगाणं थांबेल. दोन-तीन दिवस तो दुकानाकडं फिरकला नाही. आला तेव्हा गाल बसलेले. म्हणाला, घोडीनं तोबऱ्यातल्या हरभऱ्याला तोंड लावलं नाही. लिंबाखाली थांबते, तिथं कुणी नाही हे बघते आणि मग आपणहून चालू लागते. लगाम ओढावा लागत नाही. "त्ये ओढायचं व्हतं तवाच बरं व्हतं आप्पा," तो म्हणाला. त्याला दावं गळ्यात घालायचा धीर होत नव्हता. खुंटीला टांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, घाल की, त्यासाठीच तर घेतलंस.

त्या संध्याकाळी त्यानं ते घातलं. पुढचं मला नूरबीनं सांगितलं, भुसा न्यायला आली तेव्हा. दावं गळ्यात पडल्याबरोबर घोडीनं मान खाली घातली, दाव्याच्या लोंबत्या लोकरीत नाक खुपसलं आणि मोठा श्वास सोडला. मग तोबरा रिकामा केला. पीरसाब तिच्याजवळ खरारा घेऊन उभा होता. तिनं त्याच्याकडं न बघता, नाक दाव्याला लावून डोळे मिटले. वाटेवरून गुंडा घालवायला गेलेल्या माणसानं गुंडा गोठ्यात आणून बांधला होता. नूरबी सांगताना हसत नव्हती. मालक वळावर हळद लावत बसले होते, म्हणाली, आणि घोडीला म्हणत होते, "ठके, माजं चुकलं." शहजादी हे नाव त्या घरात पुन्हा कुणी घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी पीरसाबचा रिकामा टांगा माझ्यासमोरून कापडबाजारात शिरला आणि थेट दुसऱ्या तोंडाला गेला. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण थोड्या वेळानं शिवलिंगप्पांची मोटार वळसा घालून पुन्हा माझ्या लिंबाखाली आली. मागोमाग टांगा. गुंडा मोटारीतून उतरेना. पीरसाब टांग्यावरूनच ओरडला, "कोट काड की. वास न्हाई आवडत तिला."

त्या दिवसापासून रोजचा शिरस्ता पडला. गिऱ्हाईक असो नसो, टांगा लिंबाखाली थांबायचा. गुंडा ठकीच्या मानेवरून हात फिरवायचा, दाव्याची गाठ सैल करून पुन्हा बांधायचा, तिच्या कानात काहीबाही बोलायचा. पीरसाबनं त्या दोघांकडं बघून हसावं, हात जोडावेत, असं काही झालं नाही. त्याचा जबडा घट्ट मिटलेला असायचा आणि कानशील लाल. तेवढा वेळ तो मान दुसरीकडं करून समोरच्या कापडदुकानांच्या पाट्या एकीमागून एक वाचत बसायचा.

त्याला वाचता येत नव्हतं.