पितरांचे घास आणि गाईचं पोट

आईनं वाढवलेली गावरान गाय तिच्या माघारी मी खुटबावहून केंदूरला, सासरी आणली. आल्या आल्या ती आजारी पडली, औषधांचा मारा झाला आणि तिचं रवंथ करणंच थांबलं. तेव्हा डॉक्टरांनी प्रोबायोटिकची पावडर दिली. पोटातले चांगले जंतू औषधानं मेलेत, ते परत भरायचे, म्हणाले. रोज पिठाच्या गोळ्यातून एक चमचा. आठवड्यात गाय निवांत रवंथ करायला लागली आणि मी आळीत डॉक्टरीण होऊन मिरवायला लागले.

सर्वपित्री अमावस्येला घराघरातून पितरांच्या नावानं गाईला घास जातो. आळीत गोठे भरलेत, पण सगळ्या जर्सी. घासाला गावरानच लागते, आणि ती एकट्या माझ्या दारात. सकाळपासून ताटं यायला लागली. भात, खीर, वडे, पुरणपोळी. शेजारची काकू म्हणाली, "बाधंल गं एवढं तिला."

"पावडर चालू हाय काकू, दगड पचवंल ती," मी तोऱ्यात म्हणाले.

दुपारी भाऊ आईच्या नावाचा घास डब्यात घेऊन आला. त्याला कंपनीत सेकंड शिफ्ट गाठायची होती. डबा हातात देऊन तो गेला. मी पोळी पुढं धरली तर गाईनं तोंड फिरवलं. आईची काही इच्छा राहिली, एवढंच मनात आलं. गाईचं पोट भरलंय हे आलंच नाही.

"आईच्या हातची तू, आन् आईलाच न्हाई म्हणती व्हय?" म्हणत मी तिचा जबडा उघडून पोळी आत कोंबली.

संध्याकाळी रवंथ बंद, डावी कूस टम्म. डॉक्टरांनी सोडा पाजला, सलाइन लावलं. मी पावडरीचा डबा पुढं केला. ते चिडले नाहीत, तेच जास्त लागलं.

"ताई, शिजलेल्या भातानं, गोडानं पोटात आंबट झालंय. त्यात हे जंतूच जगत नाहीत. पावडर काय करणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गाय गेली. बायका येऊन बसल्या. तिला मीच मारलं, हे कुणीतरी तोंडावर म्हणावं असं मला वाटत होतं. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"ताई, काल गडबडीत इचारायचं राह्यलं. गाईनं घेतला का घास? आई जेवली ना?"

गाय समोरच होती, अंगावर पोतं टाकलेलं.

"जेवली," मी म्हणाले. "पोटभर."