अण्णांनी सुरात लावलेली गिटार

अण्णांवरचा, म्हणजे माझ्या वडिलांवरचा, एक राग मी अजून उतरू दिलेला नाही. चांगला मुरलाय.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत राहायचो. मी नुकतीच बालवाडीत शिकवायला लागले होते. पहिल्या पगारातून मी उल्हासनगरच्या कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून गिटार उचलून आणली. चाळ म्हणाली, पोरगी वाया गेली. शेजारच्या गोव्याच्या मावशींनी मात्र गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळल्या आणि म्हणाल्या, "तीन कॉर्ड शीक गो. तीन कॉर्डांत अर्धी गाणी वाजतात."

कॉर्ड म्हणजे तीन-चार सुरांचा एकत्र वाजणारा जुडगा: सी, एफ आणि जी. डाव्या हाताने तारा दाबायच्या, उजव्याने खाली-खाली-वर असं झोडपायचं. त्यातला एफ म्हणजे निव्वळ छळ! एका बोटाखाली दोन तारा, एक दाबली की दुसरी निसटलीच. बोटं इतकी सोलली की भाकरी थापताना मी किंचाळायचे.

"रडतेस कशाला? घट्टे पडू देत," मावशी म्हणायच्या.

तीन महिन्यांनी पडले. मग ठरलं, गणपतीच्या कार्यक्रमात माझ्या वर्गातल्या मुली गाणार आणि मी वाजवणार. वाया गेलेल्या पोरीला चाळीला दाखवून द्यायचं होतं.

त्या संध्याकाळी मी मुलींच्या वेण्या घालून धावत घरी आले, कोपऱ्यातली गिटार उचलली आणि थेट स्टेजवर चढले. ऐटीत सी धरला आणि हात मारला.

पत्र्याच्या छपरावरून भांडी घरंगळावीत असा आवाज आला. एफ धरला. आणखी भांडी! मुलींनी कान झाकले. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, मांजर सोडा!"

पहिल्या रांगेत अण्णा. चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून सांगितलं, "अगं, बोटं काढ! बोटं काढ! दुपारी मी सुरात लावलीय!"

सुरात! सहाच्या सहा तारा त्या गृहस्थांनी आपल्या भजनाच्या पट्टीत, पेटीच्या काळी एकच्या ‘सा’ आणि ‘प’ या सुरांना लावल्या होत्या, तंबोऱ्यासारख्या. मी संतापाने डावा हात खाली सोडला आणि मोकळ्या तारांवर फटका मारला. अख्खा मांडव गुंजला. मुलींनी तोच सा धरला आणि गाणं निघालं. मला फक्त फटके मारायचे होते, आणि ते तर गाढवानेही मारले असते. टाळ्या थांबेनात!

"आता कशी बोलली!" अण्णा लोकांना सांगत होते. "सहा तारा सहा दिशांना तोंडं करून बसल्या होत्या. मी लावून दिल्या."

मावशी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात. मला दाबायला कुणाचाही गळा चालला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींकडून तारा पुन्हा जागेवर आणवल्या, अण्णा पंचा घेऊन आंघोळीला निघाले होते त्यांना दारात अडवलं, पाटावर बसवलं.

"ऐका."

सी वाजवला. एफ वाजवला, दोन्ही तारा स्वच्छ. जी. पुन्हा सी. सगळं गाणं, घट्ट्यांसकट.

अण्णांनी मान हलवली. "बरं आहे. पण कालची जास्त छान लागली होती."

"बसा खाली," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवायला घेतलं. चारदा. आतून आई ओरडत होती, पाणी गार होतंय.