पायाळू काकूंनी पाय मागे घेतला

आष्टीत घरी सोयाबीनचं पोतं गुडघे न वाकवता, कंबर वळवून उचललं आणि कमरेत कळ आली. मी पालथा पडलो. उसण भरली असं समजून घरच्यांनी शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या पायाळू, म्हणजे जन्मताना त्यांचे पाय आधी आले होते. अशा माणसाने कमरेवर पाय मारला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात.

मी पेपरात बातम्या लिहितो. "पेपरवाले, आज तुमचीच बातमी," म्हणत त्यांनी पाय उचलला.

"काकू, उजव्या पायाचा अंगठा कळून न्हाई राह्यला."

त्यांनी अंगठ्याला चिमटा काढला. मला जाणवला नाही.

"मंग ही उसण न्हाई. जल्दी दवाखान्यात न्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. तेव्हा मी खरा घाबरलो.

मणक्यातली गादी सरकून शीर दाबली गेली होती. डॉक्टर म्हणाले, वजन गुडघे वाकवून, अंगाशी धरून उचलायचं, उचलताना वळायचं नाही, तासन्‌तास खुर्चीत बसायचं नाही. शीर आणखी दाबली गेली तर लघवी अडते, तसं झालं तर ताबडतोब यायचं.

तो आठवडाभर मी तहान नसताना पाणी प्यायचो आणि लघवी होईपर्यंत जीव मुठीत धरून बसायचो.