ताकदीची गोळी

तिच्या हातात काहीही ठेवा, ती आधी मूठ मिटायची आणि मग म्हणायची, "मले कायले?" मूठ मात्र उघडायची नाही. पेरूची फोड, झेंडावंदनाची बुंदी, जे असेल ते मुठीतून घरात जायचं आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच कुणाचे तरी गाल हलताना दिसायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांचं कौतुक करतो. मीही करत असे. आता मला त्या कौतुकाचाच राग येतो.

दिघोरीच्या अलीकडच्या एका गावात मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा तिच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळाली. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. तिचा नवरा केव्हाच गेलेला, घरात एक मुलगा आणि नवी सून. तिनं पन्नाशीही गाठली नव्हती, पण गाव तिला बुढीच म्हणायचं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मात्र कोणाची तशी हिंमत नसे. धानाच्या बांधीत बायांची ओळ उभी राहिली की पहिली जागा तिची. ती वाकली की ओळ वाकायची, तिनं गाणं उचललं की बाकीच्या ते झेलायच्या. एखादी मागं पडली की हिचा आवाज शाळेपर्यंत यायचा, "हात चालव वं! माहेरी आली का आराम कराले?"

मी बांधावरून जाताना दिसलो की मलाही सोडायची नाही. "गुरुजी, या खाली! दोन पेंड्या लावून पाहा, मंग भात गोड लागन." बाया हसायच्या आणि मी चष्मा पुसत पुढं जायचो.

मग तिला खोकला लागला. थुंकीत रक्त दिसल्यावर मुलानं तिला बाजाराच्या गावी सरकारी दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या दोन प्रकारच्या असत. कंपाउंडर त्या कागदाच्या पुड्यांत बांधायचा आणि खिडकीतून सांगायचा, "मोठी रोगाची, लहान ताकदीची. दोन्ही रोज."

एवढंच. यात खोटा एकही शब्द नाही. मी इतकी वर्षं पुस्तकं वाचली, पण एवढं निष्काळजी वाक्य मला कुठं सापडलं नाही.

सून तेव्हा पोटुशी होती. आणि त्या घरांची रीत अशी, की जे ताकदीचं असेल, दूध असो, अंडं असो, ते आधी कमावत्याचं, मग पोटुशीचं, मग लेकराचं. बुढीच्या वाट्याला पेज. ही रीत तिच्यावर कोणी लादली नव्हती. तीच ती सगळ्यात कडक पाळायची. रोगाची गोळी तिनं एकदाही चुकवली नाही, कारण रोग तिचा होता. लहान गोळी रोज सकाळी सुनेच्या तळहातावर जायची.

नातू झाला तेव्हा ती त्याला घेऊन माझ्या दाराशी आली. "पाहा गुरुजी, गोळीचा पोट्टा! हात लावून पाहा, कसा टणक हाये!" मला वाटलं, दवाखान्यानं सुनेलाही काही औषध दिलं असेल. मी पोराचा गाल ओढला आणि पोरानं माझा चष्मा.

खोकला थांबला. अंगावर जरा मांस आलं. त्या मोठ्या गोळीवर माझा राग नाही. तिनं त्या बाईला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. पण त्याच सुमाराला तिचे पाय जळू लागले. "तळपायाखाली इस्तो ठेवल्यावानी होते," ती म्हणायची आणि ओलं पोतं पायांना गुंडाळून बसायची. दवाखान्यात सांगितलं, तर खिडकीतून उत्तर आलं, "गर्मी असंल. ताक पी, आणि ताकदीच्या गोळ्या घेत जा." तिनं मान डोलावली. सून आता अंगावर पाजत होती. ताकद तिला हवी होती.

काही आठवड्यांनी जळजळ थांबली. ती खूश झाली. "थंडे झाले पाय!" ते थंड झाले नव्हते. ते बधिर होत होते.

त्या वर्षीच्या रोवणीत दुपारी ती बांधावर चढत असताना मागच्या बाईला पाण्यात लाल दिसलं. तिच्या तळपायात बाभळीचा काटा आख्खा रुतला होता.

"काटा भरला ना वं तुह्या पायात! तुले मालूम नाही पडलं?"

"नाही ना वं," ती हसत म्हणाली.

ती एकटीच हसली. आमच्या भागात पाय बधिर झाला म्हटलं की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, महारोग. तो शब्द त्या दिवशी कोणीच उच्चारला नाही. दुसऱ्या दिवशी तिला रोवणीचं बोलावणं आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिच्या दारावरून ओळ गेली आणि पहिल्या जागी दुसरीच बाई होती.

मग घरानंही गावाचं ऐकलं. तिची बाज बाहेर छपरीत आली, थाळी वेगळी झाली. नातू रांगायला लागला होता. तो उंबरठा ओलांडून आजीकडं निघाला की मुलगा धावत येऊन त्याला उचलायचा. "तिकडं नाही जायचं, बाबू." पोर हात पसरून रडायचं. ती हात मांडीखाली दाबून धरायची आणि मुलाला म्हणायची, "घेऊन जाय त्याले. मले कायले?" या वेळी ती मूठ रिकामी होती.

दिवाळीच्या सुटीत मी तिला एसटीनं भंडाऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले, तळव्यांना कापूस लावून पाहिला, टाचणी टोचून पाहिली. पाठीवर चट्टे आहेत का ते शोधलं, कोपराजवळच्या नसा चाचपल्या. मग म्हणाले, "बाई, हा महारोग नाही. गोळ्या कोणत्या घेता?"

"मोठी घेतो ना, रोज."

"आणि लहान?"

"लहान? ते तं सुनेले देतो."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. त्यांनी शांतपणे समजावलं. मोठी गोळी क्षयाला मारते, पण शरीरातलं एक जीवनसत्त्व बाहेर काढून टाकते. नसांना ते लागतं. ज्याच्या अंगात ते आधीच कमी, त्याच्या नसा लवकर वाळतात. लहान गोळी ते भरून काढण्यासाठीच असते.

ती ऐकत राहिली. मग एकदम उसळली, "मंग तसं सांगाचं होतं ना, डाक्टर! मोठीचीच जोडीदारीन होय, दोघी सोबत जातेत, असं सांगाचं होतं. तुमी लोक ताकदीची म्हनता. ताकद घेऊन मी काय करू? घरात पोटुशी हाये अन् मी बुढी ताकद खाऊ?"

तिला एवढं रागावलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

गावात येऊन मी तिच्या मुलाला छपरीत बसवून सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. सून दाराआड उभी होती. ती बाहेर आली, पोर सासूच्या मांडीवर ठेवलं आणि आत गेली.

रोवणीच्या बायांनीही माझं ऐकून घेतलं. "डाक्टर म्हनते तं खरंच असन, गुरुजी. पन आमाले लेकरं हायेत." त्यानंतर ती कधीही ओळीत उभी राहिली नाही.

दवाखान्याच्या त्या खिडकीशीही मी गेलो. कंपाउंडर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मास्तर, यांना एवढं कोण समजावत बसणार? ताकदीची म्हटलं की घेतात." घेतात. हा शब्द माझ्या कानात अजून घाण करून आहे. जिच्या फुप्फुसावर एवढी औषधं, एवढ्या सुया ओतल्या, तिच्यासाठी एक सरळ वाक्य ओतायला यांचा जीव जात होता. अडाणी म्हणे ती होती.

लहान गोळी ती पुढं घेऊ लागली. पाय थोडे सुधारले, पण तळवे काही जागे झाले नाहीत. ऐंशीनंतर माझी बदली मोहाडीला झाली. एका हिवाळ्यात निरोप आला. छपरीत शेकोटीशी बसली असताना पाय निखाऱ्याला लागला, तिला कळलंच नाही. जखम चिघळत गेली. मी पोचलो तेव्हा तिला अंगणात आणलं होतं.

रोवणीच्या बाया आल्या होत्या, सगळ्या. आंघोळ घालून झाल्यावर रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन पाया पडू लागली. पहिलीनं वाकून दोन्ही हात तिच्या पावलांकडं नेले, तोच सून मध्ये आली. पदर खोचलेला, डोळे कोरडे.

"नोका धरू," ती म्हणाली. "लागन तुमाले."

बाई वाकलेली तशीच राहिली. मागची ओळ थांबली. सून खाली बसली, सासूचे दोन्ही पाय तिनं आपल्या मांडीवर घेतले आणि बोटांच्या बेचक्यांतलं पाणी पदरानं टिपू लागली.