दालमिलची सरळ रेषा

माझा आलेख बघून गाईड मॅडम खूश झाल्या आणि तिथेच मला पहिला संशय आला.

मी नांदेडच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पन्नाशीला टेकल्यावर पीएचडी करत होतो, कारण तिच्याशिवाय प्रोफेसरपदाची मुलाखत नाही. प्रबंध जमा करायची मुदत महिन्याभरात संपत होती. विषय असा, की लातूर भागातल्या दालमिल धूळ किती कमी करतात आणि त्याचा त्यांच्या धंद्याशी काही संबंध लागतो का. एसटीने खेपा घालून मी मिलमालकांना फॉर्म वाटले. स्वागत सगळीकडे सारखंच.

"बसा की सर, चहा घ्या. पन खरं सांगा, तुमी पोल्युशनवाले का जीएसटीवाले?"

मी कॉलेजचं ओळखपत्र काढलं की संशय जास्तच वाढायचा. साध्या मास्तराकडे इतकं चकचकीत ओळखपत्र कुठून येणार?

तरीही पंधरा दिवसांत सगळे फॉर्म आले. नीट टाइप केलेले, एक रकाना रिकामा नाही. मॉडेल चालवलं. जिथे धूळ कमी, तिथे धंद्यातली वाढ जास्त, आणि एकेका मिलचे ठिपके रिग्रेशनच्या, म्हणजे या दोन्हींचा संबंध दाखवणाऱ्या, रेषेवर असे उभे, जशी मुख्याध्यापकांसमोर प्रार्थनेला पोरं! इतकी सरळ रेषा मी आजवर फक्त घरी बसून प्रॅक्टिकल लिहिणाऱ्यांच्या वहीत पाहिली होती.

एकच ठिपका रेषा सोडून लांब उभा होता. चाकूरची एक लहान मिल. धूळ भरपूर आणि वाढही भरपूर. हिचा फॉर्म तेवढा निळ्या पेनाने भरलेला.

"तो वगळा," मॅडम म्हणाल्या. "मोजण्यातली चूक, अशी तळटीप टाका आणि प्रबंध जमा करा."

मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी चाकूरची एसटी धरली.

मिल एक बाई चालवत होत्या, माझ्याच वयाच्या, नाकातोंडावर पदर बांधलेल्या. यंत्राच्या आवाजात मी ओरडून विचारलं, "ताई, फॉर्ममध्ये काही चूक झाली का? धूळ फार लिहिलीय!"

"मास्तर, धूळ हाय म्हनून धूळ लिवली. मग काय अत्तर लिहू?"

हमाल खदाखदा हसले. एव्हाना माझा पांढरा शर्ट तुरीच्या रंगाचा झाला होता, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती.

"बाकीच्यांनी कमी लिहिलीय ना पण."

"त्यांनी कुठं लिवली? लातुरात फॉर्मवाले मामा हायत, सगळ्यांचे कागद तेच भरतात. मला म्हनले, कोरा पाठवून द्या. मी म्हनलं, कामून? मिल माझी, मीच लिहिते."

मी तिथूनच लातूर गाठलं. आडत बाजाराजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात मामा सापडले. कपाळावर भस्माचे पट्टे, समोर कॉम्प्युटर, बाजूला फाईलींचा ढीग. मला बघून त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी साळसूद चेहऱ्याने विचारलं, "मामा, धूळ मोजता कशी?"

"मोजायची कशाला? कुनाचा धंदा किती वाढला ते मला म्हाईत हाय. ज्याचा जास्त वाढला, त्याची धूळ कमी लिवायची. मोठ्या मानसाला घाणेरडा कसं म्हनायचं, सर? बरं दिसतं का?"

ज्याला मी उद्योगाचा नियम समजत होतो, तो मामांचा शिष्टाचार होता.

"तुमच्या पीएचडीला दुसरा आकडा पायजे होता, तर आधी सांगायचं," मामा मायेने म्हणाले. "अजून बदलून देतो."

कबूल करतो, परतीच्या एसटीत अहमदपूरपर्यंत मी मनात तीच तळटीप घोळवत होतो. कुणाला कळणार होतं? मामा बोलणार नव्हते, ठिपके तर मुळीच नाही. पण शर्ट झटकला की अजून धूळ उडत होती आणि शेजारचा प्रवासी शिंकत होता. उद्या कुणी साहेब माझा प्रबंध वाचून म्हणेल, मोठ्या मिल स्वच्छच असतात, तपासायचं कशाला? मग आतल्या हमालांनी खोकत बसायचं. लोहा येईपर्यंत तळटीप खोडली गेली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"मग तुमच्याकडे आता उरलं काय?"

"एक ठिपका."

"एका ठिपक्यातून रेषा किती जातात, सर?"

"हव्या तेवढ्या, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मुदतवाढीसाठी ही मामांची गोष्ट मीच तर रचली नसेल ना, असा संशय त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. मग खणातून मुदतवाढीचा अर्ज निघाला.

"ही शेवटची. यंदाची मुलाखत गेली, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि पुढच्या वर्षी रेषा आलीच नाही तर?"

"तर नाही आली, असं लिहू."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'धूळ मोजायची राहिली.' मॅडमनी ते दोनदा वाचलं, सही केली आणि बाहेर थांबलेल्या विद्यार्थिनीला आत बोलावलं.