हीटरवाली केबिन

कतारमधल्या बिरकत अल अवामेरच्या साइटवरचं आमचं काम संपलं आणि ऑफिसची जुनी, ट्रकवर उचलून नेता येणारी पोर्टा केबिन विकायचं लोढणं साहेबांनी माझ्या गळ्यात अडकवलं. ती मुळात कुठल्याशा बर्फाळ देशासाठी बनवलेली. जाड भिंती, उतरतं छप्पर आणि भिंतीत बसवलेला हीटर. कतारमध्ये हीटर! आम्ही त्यावर ओले रुमाल वाळत घालायचो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो बघून हसायचं आणि निघून जायचं.

शेवटी एक कतारी आजोबा आले. एसीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "हीटर लावून दाखव."

"बाबा, बाहेर ऊन बघा!"

"हिवाळ्यात आम्ही वाळवंटात मुक्काम करतो. बायको तंबूत कुडकुडते. यल्ला, लाव."

मी लावला. जळक्या धुळीचा वास सुटला. ऑगस्टच्या भर दुपारी, दार बंद करून, आम्ही दोघं घामाने निथळत उभे राहिलो. आजोबांचा चेहरा मात्र खुलत गेला.

"खलास, घेतली," ते म्हणाले.

साहेबांनी नंतर विचारलं, "एसी चांगला आहे म्हणून घेतली ना?"

मी हो म्हणालो. खरं त्यांना पटलं नसतं.